उंबरठ्यावरची रुखरुख : बालशिक्षणाची परिभाषा आणि मातृत्वाचा अपराधभाव

१. विषयाची मांडणी

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले, की शहरी मध्यमवर्गीय घरात एक प्रसंग हमखास घडतो. नव्या दप्तरासह मुलाला बालवाडीच्या दाराशी नेले जाते, तिथल्या ताई त्याला उचलून आत नेतात, मूल हंबरडा फोडते आणि आई मागे न पाहता फाटकाबाहेर पडते. पुढचा सगळा दिवस तिच्या कानांत ते रडणे घुमत राहते. आपण घाई तर केली नाही ना, नोकरीसाठी मुलाला दूर लोटले नाही ना, हे प्रश्न ती स्वतःला विचारते. घरातले आणि शेजारचे लोकही ते तिलाच विचारतात.

या भावनेला अलीकडच्या मराठीत ‘अपराधभाव’ किंवा ‘अपराधगंड’ म्हटले जाते. कथा, ललितगद्य, पालकांसाठीची नियतकालिके आणि मानसशास्त्रावरील सुबोध पुस्तके यांतून हा शब्द इतका रुळला आहे, की ती भावना मातृत्वाला जन्मतःच जोडलेली असावी, असे वाटू लागते. प्रस्तुत निबंधात या समजुतीची तपासणी केली आहे. ही भावना खोटी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. तिला ‘अपराध’ हे नाव कसे मिळाले, त्या नावामुळे काय झाकले गेले आणि मराठी बालशिक्षणाच्या परंपरेत तिच्याकडे पाहण्याची दुसरी कोणती दृष्टी उपलब्ध होती, हे तीन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

मराठीत या प्रकारच्या मनःस्थितीसाठी जुने शब्द अनेक आहेत. रुखरुख, हुरहुर, चुटपुट, टोचणी, ‘मन खाणे’, ‘जिवाला लागून राहणे’ हे सारे घरगुती प्रयोग आहेत. यांपैकी ‘टोचणी’ आणि ‘मन खाणे’ यांत चुकीची जाणीव आहे. ‘रुखरुख’ आणि ‘हुरहुर’ यांत ती असेलच असे नाही. माहेरून सासरी निघालेल्या मुलीसाठी आईला हुरहुर लागते; तिने काही गुन्हा केला, असे कोणी मानत नाही. ‘अपराधगंड’ हा शब्द मात्र ‘न्यूनगंड’ आणि ‘अहंगंड’ यांच्याबरोबर आधुनिक मानसशास्त्राच्या परिभाषेतून आला. अपराध म्हटला, की अपराधी शोधावा लागतो. बालवाडीच्या दाराशी तो शोध बहुधा एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबतो. वडील त्याच दाराशी उभे असले, तरी त्यांच्या वाट्याला हा शब्द क्वचितच येतो.

२. अपराधभावाची दिशा

मराठी मनातील मातृप्रतिमा घडवणाऱ्या ग्रंथांत साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५) अग्रस्थानी आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो. ग्रंथाचा नेहमीचा वाच्यार्थ आईच्या त्यागाचा आहे. पण ताटातुटीच्या दृष्टीने तो वाचला, तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. येथे आई मुलाला सोडून जात नाही. मूल शिक्षणासाठी आईला सोडून जाते. श्याम आधी दापोलीला, नंतर औंधला शिकतो. आईच्या अखेरच्या क्षणी तो जवळ नसतो. संपूर्ण कथनाला जो करुण सूर आहे, तो या न भेटलेल्या भेटीचा आहे. म्हणजे मातृत्वाच्या या प्रमाणग्रंथात टोचणी मुलाच्या वाट्याला आली आहे. शाळा दूर असणे हा घराच्या दारिद्र्याचा आणि त्या काळच्या व्यवस्थेचा भाग आहे. श्यामच्या आईने त्याला शिकायला पाठवले याबद्दल तिला कोणी जाब विचारत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात नोकरी करणारी स्त्री मराठी कथा-कादंबरीच्या केंद्राकडे सरकली, तेव्हा या भावनेची दिशा उलटली. आता घराबाहेर पडणारी व्यक्ती आई होती. मूल घरी, शेजारी, पाळणाघरात किंवा बालवाडीत राहू लागले. श्यामची आई ज्या वाचकांच्या मनात होती, त्यांनी त्याच मापाने या नव्या आईला मोजले. तिनेही स्वतःला त्याच मापाने मोजले. सदैव घरी असलेल्या आईची प्रतिमा आणि आठ तास कचेरीत असलेल्या आईचे वास्तव यांतील अंतराला ‘अपराध’ हे नाव मिळत गेले.

ही केवळ मराठीची गोष्ट नाही. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ (१९७१) या हिंदी कादंबरीतील शकुन महाविद्यालयाची प्राचार्या आहे, पतीपासून विभक्त झालेली आहे. कादंबरी बहुतांशी बंटीच्या जाणिवेतून उलगडते आणि अखेरीस त्याची रवानगी वसतिगृहाच्या दिशेने होते. बंटी शाळकरी वयाचा आहे, त्यामुळे प्रसंग बालवाडीचा नाही. पण स्वतःचे आयुष्य मागणारी आई आणि त्याची किंमत मोजणारे मूल ही मांडणी त्याच जातीची आहे. लेखिकेने शकुनला खलनायिका केले नाही, हे तिचे मोठेपण. तरीही मुलाच्या डोळ्यांतून सांगितलेल्या कथेत वाचक न्यायाधीश होऊ पाहतो आणि समोर दिसणाऱ्या आईचाच निवाडा आधी करतो. दूर कलकत्त्यात राहणारा बाप त्या मानाने सहज सुटतो.

याउलट रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ (१८९२) या कथेकडे पाहावे. लहान मुलीला मागे ठेवून कामासाठी परमुलुखात आलेल्या पालकाचे भारतीय साहित्यातील सर्वांत परिचित चित्र हेच असावे, आणि तो पालक बाप आहे. मुलीच्या इवल्या हाताचा ठसा उमटवलेला कागद रहमत छातीशी बाळगतो. तो तुरुंगात जातो तो वेगळ्या गुन्ह्यासाठी; मुलीला सोडून आल्याबद्दल कथा त्याला अपराधी ठरवत नाही. त्याच्या वाट्याला निखळ रुखरुख येते आणि वाचक तिच्यापुढे नम्र होतो. रहमतला मिळालेली ही सहानुभूती नोकरीसाठी सकाळी साडेआठला मूल बालवाडीत सोडणाऱ्या स्त्रीला सहजासहजी का मिळत नाही, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने विचारावयास हवा.

३. शास्त्राचा आधार आणि त्याची मर्यादा

या अपराधभावाला विसाव्या शतकाच्या मध्यापासून शास्त्राचे पाठबळ लाभले. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये मातृसंगोपन आणि मानसिक आरोग्य यांविषयीचा अहवाल सिद्ध केला. आईच्या दीर्घ वियोगाने मुलाच्या मनावर खोल परिणाम होतात, हे त्याचे सूत्र होते. मात्र त्यामागील निरीक्षणे मुख्यतः अनाथालये, रुग्णालये आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे यांतील मुलांची होती. पुढे लोकप्रिय लेखनात हे सूत्र दिवसातील काही तासांच्या दुराव्यालाही सरसकट लावले गेले. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये या संकल्पनेची फेरतपासणी करून वियोगाचे प्रकार, त्याची कारणे आणि परिस्थिती वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत, हे दाखवून दिले.

अमेरिकेत १९९१ पासून हजारांहून अधिक मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षे पाहणारा एक मोठा अभ्यास झाला. पाळणाघरात गेल्याने आई-मुलाचे नाते आपोआप असुरक्षित होत नाही, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष. कुटुंबाची परिस्थिती आणि घरातील संवेदनशीलता यांचा परिणाम अधिक ठळक आढळला. संगोपनाचा दर्जा महत्त्वाचा ठरला. आठवड्यातील तास फार वाढले, तर काही मुलांच्या वर्तनात अडचणी दिसू शकतात, अशीही नोंद झाली. म्हणजे शास्त्राचे उत्तर ‘पाठवावे’ किंवा ‘पाठवू नये’ असे एकशब्दी नाही. ते किती वेळ, कोणाकडे, कशा जागी असे विचारते. हे प्रश्न संस्थेविषयीचे आहेत. मराठीतील पालकविषयक लेखनाने मात्र त्यांचे रूपांतर फार वेळा आईच्या मनाविषयीच्या प्रश्नांत केले. जागा कशी आहे, एका ताईकडे मुले किती आहेत, तिला पगार किती मिळतो हे बाजूला राहिले आणि ‘आईने मन घट्ट करावे’ एवढाच उपदेश उरला.

४. नावांचा इतिहास

मराठी बालशिक्षणाच्या परंपरेने या प्रसंगाकडे कसे पाहिले, हे तिने घडवलेल्या शब्दांतून कळते. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये जर्मनीत आपल्या संस्थेला मुलांची बाग असे नाव दिले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जी संस्था उघडली, तिच्या नावाचा अर्थ ‘मुलांचे घर’ असा होता. आईबाप कामावर गेल्यावर तेथील मुले दिवसभर मोकाट असत, हे त्या घराचे तातडीचे निमित्त होते. बालशिक्षणाचा आधुनिक इतिहास अशा रीतीने कष्टकरी पालकांच्या गरजेतून सुरू होतो.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी सुरू केलेल्या प्रयोगाला ‘बालमंदिर’ हे नाव मिळाले. मंदिरात मूल देव असते आणि मोठ्यांनी तिथे पादत्राणे बाहेर काढून यावयाचे असते. या नावात मुलाचा गौरव आहे. गिजुभाईंना गुजरातीत ‘मिशाळ आई’ अशा अर्थाचे बिरुद मिळाले. ते कौतुकाचे होते खरे; पण लहान मुलांत रमणाऱ्या पुरुषाला ‘बाप’ हा शब्द पुरेसा वाटला नाही, त्याला ‘आई’ व्हावे लागले, हेही त्यातून कळते. संगोपनाची सारी पुण्याई भाषेने मातृत्वाकडे सोपवली. मग त्यातील उणिवेचा भारही तिथेच जाणार, हे ओघाने आले.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंकडे आल्या. त्यांचा संसार मोडलेला होता. एका मुलीची जबाबदारी असलेली ती एकटी कमावती आई होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. तेथवरचा प्रवास मुख्यतः मध्यमवर्गीय मुलांचा होता. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साथीने त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. १९५७ मध्ये तो जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली वस्तीत पोहोचला.

बोर्डीत दोन नावे घडली. ‘बालवाडी’तील ‘वाडी’ला दुहेरी अर्थ आहे. ती फुलवाडी आहे आणि वस्तीही आहे. ‘अंगणवाडी’ हे नाव आणखी पुढे जाते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात भरवावी, ही त्यामागील कल्पना. अंगण हे घराचे आणि बाहेरचे दोन्ही असते. तिथे खेळणारे मूल घरी असते असेही म्हणता येते आणि घराबाहेर असते असेही. म्हणजे उंबरठा ओलांडण्याचा जो क्षण शहरी पालकाला असह्य होतो, तो क्षणच या योजनेने पातळ केला. कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी माळावर भरणारी ‘कुरणशाळा’ निघाली, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशभर १४ लाखांच्या आसपास असलेल्या या केंद्रांवर बोर्डीच्या अंगणाची खूण आहे. दिल्लीत, ओडिशात किंवा मध्य प्रदेशात तो शब्द वापरणाऱ्यांना त्याचे मूळ बहुधा ठाऊक नसते.

५. ताई कोणाच्या जागी आली

बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगातील सर्वांत मोलाचे निरीक्षण मुलांच्या गैरहजेरीविषयीचे आहे. वारली पाड्यांवरील शाळेच्या वयाची मुले शाळेत का टिकत नाहीत, याचा शोध घेताना दिसले, की आईबाप मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्यांच्यावर असे. मुलींवर तर विशेषच. कडेवर मूल घेतलेली सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येणार कशी? यावर ताराबाई आणि अनुताईंनी काढलेले उत्तर म्हणजे ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात, अशी ती रचना.

या रचनेचा अर्थ नीट लक्षात घेतला, तर अपराधभावाची चर्चाच बदलते. बालवाडीने आईची जागा घेतली, असे मानले जाते. कोसबाडला तिने आईची जागा घेतली नाही. आई आधीपासूनच शेतावर, भाताच्या चिखलात किंवा गवत कापायला गेलेली होती. बालवाडीने थोरल्या बहिणीची जागा घेतली. मराठी बालवाडीत शिकवणाऱ्या स्त्रीला ‘ताई’ म्हणतात, हे या संदर्भात योगायोगापेक्षा अधिक वाटते. तो शब्द आईचा नाही, थोरल्या बहिणीचा आहे. पगारी, शिकलेल्या ताईने बिनपगारी, शिक्षणाला मुकलेल्या ताईला मोकळे केले. त्या आवारात शिरणाऱ्या मुलाचे रडणे खरेच होते. पण त्या रडण्याच्या पलीकडे प्रथमच पाटी हातात घेतलेली त्याची बहीण बसलेली होती.

१९४५ हे साल आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावयास हवे. त्याच वर्षी त्याच टापूत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात त्याचे प्रत्यक्ष चित्र आहे. एकीकडे श्रमाचा मोबदला मागणारी माणसे, दुसरीकडे त्या श्रमिकांच्या मुलांसाठी अंगणात मांडलेली शाळा. या दोन घटनांचे मार्ग वेगळे होते. पण मूल कोण सांभाळणार हा प्रश्न मुळात श्रमाचा आहे, हे त्यांना शेजारी ठेवले की उघड होते.

दलित आत्मकथने याला दुजोरा देतात. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) डोक्यावर ओझे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या कोकणातील स्त्रिया आहेत, आणि बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवणारी आई आहे. त्या पिढीत पोटासाठी मुलांपासून दूर जाणे किंवा मुलांदेखत कामात गढून जाणे इतके नित्याचे, की त्याला अपराध म्हणण्याची चैन कोणाला परवडली नसती. पुढच्या पिढीतील निवेदिका मुंबईत नोकरी करते, शिकते, चळवळीत उतरते, तेव्हा मात्र घराकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार तिच्या वाट्याला येते. म्हणजे स्त्रीच्या श्रमाला निवडीचे रूप आले, की अपराध हा शब्द तिथे येऊन ठेपतो. नाइलाजाला क्षमा आणि इच्छेला शिक्षा, असा हा न्याय आहे.

६. परंपरेच्या मर्यादा

या परंपरेचा केवळ गौरव करून थांबणे उचित नाही. तिच्या दोन मर्यादा विचारात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा मातृत्वाच्या रूपकाची. मुलांत काम करणाऱ्या स्त्रीला मातेसमान मानले, की तिचे काम ही सेवा ठरते आणि सेवेला वेतन मागणे कमीपणाचे वाटू लागते. अंगणवाडीतील पदनामे ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ अशी आहेत. त्यांना मिळणाऱ्या रकमेला ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हणतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा कायदेशीर हक्क आहे, असा निर्णय दिला, तोवर योजनेला शेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. महाश्वेता देवींच्या ‘स्तनदायिनी’ या बंगाली कथेतील जशोदा धनिक घरातील मुलांना अंगावर पाजून संसार चालवते आणि अखेरीस स्तनाच्या कर्करोगाने बेवारस मरते. मातृत्व हाच व्यवसाय झाला, की त्या शरीराची जबाबदारी कोणाची, हा त्या कथेचा प्रश्न अंगणवाडीच्या दाराशीही लागू पडतो. शहरातील आईची रुखरुख कमी करणारी ताई स्वतःचे मूल कोणाकडे ठेवून येते, हे मराठी कथेने फारसे विचारलेले नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. अंगणवाडी काही तास चालते, मजुरीचा दिवस आठ-दहा तासांचा असतो. बालशिक्षण आणि दिवसभराचे संगोपन यांची विकासवाडीत जुळलेली सांगड शासकीय योजनेत सुटली. पाळणाघराचा विचार वेगळ्या खात्यात, वेगळ्या कायद्यात गेला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाळणाघराची सक्ती स्त्री कामगारांच्या संख्येशी जोडली. त्यामुळे पाळणाघर हा स्त्रियांना कामावर ठेवण्याचा दंड असल्यासारखे झाले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले, ही सुधारणा खरी. पण तो कायदा प्रसूतिलाभाचा होता आणि दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा त्याने आईला दिली. बापाचा तिथे उल्लेख नव्हता. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी २००८ मध्ये आलेली ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आरंभी स्त्रियांनाच होती. एकट्या पुरुष पालकाला ती २०१८ मध्ये मिळाली. कायद्याची भाषा आणि कथेची भाषा येथे एकच बोलतात.

बांधकामाच्या जागांवर मात्र विकासवाडीचा धागा वेगळ्या रीतीने पुढे गेला. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेश’ सुरू केले. पुढे हे काम मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचले. इमारत पुरी झाली, की मजूर जातात आणि पाळणाघरही उठते. अंगणवाडी अंगणात गेली, ही पाळणाघरे वाळू-सिमेंटच्या ढिगाऱ्यात गेली. दोन्हींनी मुलाला संस्थेकडे ओढण्याऐवजी संस्थेला मुलाकडे नेले.

७. मातृभाषेचा उंबरठा

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांत या प्रसंगाला आणखी एक पदर आहे. दिल्ली, भोपाळ किंवा हैदराबाद येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या घरात आजी-आजोबा बहुधा नसतात. मूल लवकर नर्सरीत जाते, आणि तिथली भाषा हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी असते. काही महिन्यांत ते घरी येऊन नव्या भाषेत पाणी मागते. आईला दोन ताटातुटी एकदम जाणवतात. मूल दूर गेले आणि मातृभाषाही. दिल्लीत तर प्रवेशासाठी शाळेचे अंतर, भावंड, माजी विद्यार्थी अशा निकषांची गुणपद्धती गांगुली समितीच्या २००७ मधील शिफारशींनंतर चर्चेत आली. त्याआधीच १९९३ च्या यशपाल समितीने नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, असे सुचवले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांची व पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. या स्पर्धेने अपराधभाव दुहेरी केला. फार लवकर पाठवले ही एक टोचणी, आणि ‘चांगल्या’ शाळेत पाठवता आले नाही ही दुसरी. पाठवणारी आणि न पाठवू शकणारी, दोघीही दोषी ठरू लागल्या.

भाषेच्या या प्रश्नाकडे कोसबाडवरून पाहिले, तर मराठी वाचकाला थोडे अंतर्मुख व्हावे लागते. वारली मुलाला शाळेची प्रमाण मराठी हीच परकी होती. दिल्लीतील मराठी आईला जे हिंदीविषयी वाटते, ते पाड्यावरच्या आईला मराठीविषयी वाटले असेल. ते लिहून ठेवण्याची सोय तिच्यापाशी नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे. तो भर कागदावर न राहता कोणत्या घरांची भाषा वर्गात शिरते, यावर त्याचे मोल ठरेल.

८. समारोप

बालशिक्षणाच्या इतिहासात एक विरोधाभास वारंवार भेटतो. माँटेसरींनी आपला मुलगा मारिओ याला जन्मानंतर दुसऱ्या कुटुंबात वाढू दिले आणि तो मोठा झाल्यावरच जवळ केले. १९३९ मध्ये ती दोघे भारतात आली. युद्धकाळात इटालियन नागरिक म्हणून मारिओला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि १९४० मध्ये, आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्याची सुटका झाली. साऱ्या जगाच्या मुलांसाठी घर उभारणारी स्त्री स्वतःच्या मुलाला घर देऊ शकली नव्हती. यावरून तिचा निवाडा करणे सोपे आहे. अविवाहित मातेला व्यवसायातून उठवणारा समाज त्या निवाड्यात साक्षीलाही बोलावला जात नाही.

अपराधभावाची भाषा नेमके हेच करते. ती प्रश्नाला व्यक्तीच्या अंतःकरणात कोंडते आणि व्यवस्थेला फाटकाबाहेर ठेवते. बोर्डी-कोसबाडच्या परंपरेने वेगळा प्रश्न विचारला होता. आईने मुलाला का सोडले, हे तिने विचारले नाही. मूल कुठे पोहोचले, तिथे त्याला काय मिळाले आणि त्याच्यामुळे आणखी कोणाचे बालपण मोकळे झाले, हे तिने विचारले. हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्याचे उत्तर आईच्या अश्रूंनी देता येत नाही. त्यासाठी जागा, वेळ, माणसे आणि वेतन लागते, आणि त्यात बापाचा वाटाही मोजावा लागतो.

मराठी समीक्षेने या विषयावरील कथा वाचताना ‘अपराध’ आणि ‘रुखरुख’ हा भेद राखला, तर बरेच काही उलगडेल. रुखरुख ही प्रेमाची खूण आहे. ती बालवाडीच्या दाराशी राहणारच, आणि राहावीही. तिला अपराध म्हणणे टाळले, तर उभ्या असलेल्या आईला मान वर करून आत पाहता येईल. तिथे रडणाऱ्या मुलाला कडेवर घेतलेली ताई दिसेल. तिचे स्वतःचे मूल या वेळी कोणाकडे आहे, हा प्रश्नही मग त्या आईला सुचेल.